भिंतीवरची काशाची थाळी

सास्तूर, ३० ऑक्टोबर

चि. कुलदीपला कोंडाबाई आजीचा आशीर्वाद. हर्षालीला बी. लेकराला पापा, तोंड पुसून.

बजरंगच्या जीपनं तुझी चिठ्ठी पोचली. फोन करू नको म्हणलं ते ऐकतोस, तेवढं बरं हाय. फोनवर म्या हॅलो म्हणायचं आणि तू काय म्हणलास ते फोनलाच ठाऊक. डावा कान भूकंपात भिंतीखाली गेला, उजवा आता वयानं चाललाय. कागदाला ओरडावं लागत न्हाय. माझं अक्षर वाकडं हाय, पण म्या प्रौढ वर्गात शिकले. तू कॉलेजात शिकून काय उजेड पाडलास ते खाली येतंच.

तू मागितलेलं वाचलं. जात्याची खालची तळी, दोन वाकळा, दोन पोती ज्वारी, काशाची थाळी. म्हणलं नातू संसाराला लागला. बायको ढोकीच्या माहेराहून चार महिन्यांची लेक घेऊन धाराशिवला आली, आता घरात दळण, पांघरूण लागणारच. मग खालची ओळ वाचली. तळी गाण्याच्या पेटीखाली, वाकळा भिंतीला, ज्वारी कोपऱ्यात आणि थाळी पेटीच्या मागं.

जात्यावर ठेवलं की गाणं बारीक दळून निघतं का रं? आणि कोपऱ्यात बेस साचतो, ज्वारी तो पिऊन घेती, असं लिहिलंस. म्या आजवर कोपऱ्यात केर साचलेला बघितला. बेस कसा दिसतो ते कळव, झाडताना ध्यानात ठेवीन.

सगळं पाठवती. ज्वारी फेकू नको. बेस पिऊन झाली की भाकरी करा. थाळी जपून. तुझा बाप जन्मला तवा वाजली, तू जन्मलास तवा वाजली. तुझ्या लेकीच्या जन्माला ढोकीला थाळी वाजवली का न्हाय, ते कुणी मला सांगितलं न्हाय.

लेकरासाठी घुंगराचे वाळे बी पाठवती. ते पेटीला बांधू नको.

तुझी आजी


धाराशिव, ८ नोव्हेंबर

ती. आजींना कुलदीपचा साष्टांग नमस्कार.

वस्तू पोचल्या. बजरंग म्हणाला, लग्नाचं वऱ्हाड परवडलं पण आजीची तळी नको. त्याला चहा पाजला.

आजी, तुम्ही हसाल, पण जमीन-अस्मानाचा फरक पडला. आमच्या श्रोत्यांच्या ग्रुपचे प्रमुख रणधीर सर स्वतः ऐकून गेले. ते म्हणतात, यंत्र कुणाकडेही असतं, ऐकणारं घर कुणाकडे नसतं. म्हणून मी आता घर सुधारायला घेतलंय. वायर फरशीला टेकली तर आवाज मळतो, म्हणून ती दोन लाटणी आणि ताकाच्या रवीवर उचलून धरलीय. सीडी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या की गाणाऱ्याचा गळा मोकळा होतो. त्यांच्या कडेला काजळ लावलं की सूर बाहेर सांडत नाही. काजळ घरात होतंच. तुमची थाळी एम-सीलने भिंतीत पक्की बसवलीय. चढे सूर तिच्यावरून असे परततात की अंगावर काटा येतो.

मुख्य म्हणजे घरातले फालतू आवाज बंद केले. कुकर बंद, भात पातेल्यात. दाराची बेल काढली. भांड्यांखाली रबर. मिक्सर मी बँकेत गेल्यावर. आरोहीच्या वाळ्यांतले घुंगरू तेवढे काढून ठेवलेत, ते सतारीत मिसळत होते.

आरोही मात्र जन्मजात रसिक आहे. स्पीकरच्या पुढ्यात गाढ झोपते. परवा तुळशीच्या लग्नाला शेजाऱ्यांनी आमच्या दाराशीच फटाक्यांची माळ लावली. रणधीर सरांच्या हातातला चहा सांडला. ही पंख्याकडे बघत पाय हलवत होती. सर म्हणाले, हिला सुरेल तेवढंच ऐकू येतं.

आता एकच कमी आहे. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर वजन लागतं. बाजारचा दगड चालत नाही. आपला जुना वरवंटा पाठवाल का? रविवारी, ३० तारखेला, सगळा ग्रुप आमच्याकडे ऐकायला येणार आहे. त्यांच्यापुढं माझी परीक्षा आहे.

तुमचा कुलदीप


सास्तूर, १२ नोव्हेंबर

कुलदीप,

लेकराला तीट न्हाय आणि तबकडीला काजळ. बर्फ खाल्ला की आमचा गळा बसायचा, तुझ्या गाणाऱ्याचा मोकळा होतो. रणधीर सरांना माझा नमस्कार सांग. त्यांना बायको हाय का ते बी विचार.

वरवंटा पाठवला हाय. बजरंग म्हणला, आता चूल राहिली, ती कवा न्यायची.

हे झालं हसण्याचं. आता ध्यान दिऊन वाच.

फटाक्याचं तू लिहिलंस ते म्या तीनदा वाचलं. मग तुळजाबाईला वाचायला लावलं. तुळजाबाई शेजारची, गावातली निम्मी बाळंतपणं तिनं केली. ती काय बोलली न्हाय, चष्मा काढून पुसत बसली. ती गप बसणारी बाई न्हाय.

शांत लेकरू म्हणून म्या बी मागं कौतुक केलं व्हतं. बारशाला सगळा कालवा चालला तरी पाळण्यात डोळा लागला तिचा. म्या म्हणलं हर्षालीच्या वळणावर गेली, आपल्याकडं समदी बोंबलणारी. पण चहा सांडावा एवढा आवाज झाला आणि लेकराचा हात बी उडाला न्हाय, हे शांतपण न्हाय.

भिंतीवरची थाळी काढ. पोरीच्या पाठीमागं उभा राहा, तिला दिसू नको. एकदा जोरात वाजव. दचकली का न्हाय, तेवढं एका ओळीत लिही. दुसरं काय बी लिहू नको.

आजी


धाराशिव, १९ नोव्हेंबर

ती. आजींना नमस्कार.

वरवंट्यानं कमाल केली. मी डोळे मिटून आधी वरवंट्याशिवाय ऐकलं, मग वरवंटा ठेवून. आजी, गायिका दोन हात पुढं येऊन बसली. रणधीर सर म्हणाले, या दगडात शंभर वर्षांचं वाटण मुरलंय, तेल, खोबरं, लसूण, तेच आवाजात स्निग्धता होऊन उतरलंय. बाजारच्या कोऱ्या दगडाला हे जन्मात जमायचं नाही. त्यांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

थाळी आत्ता काढता येणार नाही. एम-सील धरलंय, ओढली तर भिंतीचा गिलावा येईल. तीस तारीख झाली की बघू.

आरोहीचं म्हणाल तर ती व्यवस्थित ऐकते. मी समोर जाऊन ‘आरो’ म्हटलं की तोंडभर हसते. ज्याचे कान दोन वायरींमधला फरक ओळखतात त्याला स्वतःच्या मुलीचं कळणार नाही का? राग मानू नका, पण तुम्हाला स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून तुम्हाला सगळ्यांबद्दल तसं वाटतं. मी पहिल्या पगारात आणलेलं कानाचं मशीन तुम्ही वापरलं असतंत तर बरं झालं असतं.

कुलदीप


सास्तूर, २२ नोव्हेंबर

कुलदीप,

राग आला न्हाय. राग यायला माणूस शहाणं लागतं समोर.

समोर जाऊन हाक मारली की ती हसती. व्हय. समोरून आलास तर मला बी सगळं ऐकू येतं. तोंड बघून ऐकायचं असतं, त्याला कान लागत न्हाईत. इतकी वर्षं म्या तुमचं समद्यांचं तसंच ऐकती आणि तुमाला वाटतं म्हातारीला बरंच कळतं. म्हणून म्हणलं पाठीमागनं वाजव.

आता वरवंट्याचं. तो आपला न्हाय. आपल्या वरवंट्यानं रोज चटणी व्हती, तो म्या गाण्यावर कशाला ठेवू. तुला पाठवला तो तुळजाबाईनं चैतात सोनारीच्या यात्रेतनं आणला. अजून छिन्नीनं टाकी बी लावली न्हाय, मिठाचा कण लागला न्हाय. दाराला अटकाव म्हणून पडला व्हता. शंभर वर्षांचं वाटण त्यात कुठनं मुरलं ते रणधीर सरांना विचार.

तुझ्या कानाला कोरा दगड कळला न्हाय. त्याच कानाच्या भरवशावर लेकरू ठेवतोस.

गिलावा पडला तर पडू दे. थाळी काढ.

आजी


धाराशिव, २६ नोव्हेंबर

ती. आजींना हर्षालीचा नमस्कार.

हे पत्र त्यांना न सांगता बजरंगभाऊंच्या हाती देते आहे.

त्यांनी तुमचं पत्र वाचलं. पत्र घडी करून स्पीकरखाली ठेवलं. वरवंटा जागचा हलवला नाही. रविवारी लोक येणार, तोवर काही बोलू नकोस, एवढंच म्हणाले.

आजी, तुम्ही विचारलं होतं. ढोकीला थाळी वाजवली नाही. मुलगी झाली म्हणून आमच्याकडं वाजवत नाहीत. मुलगा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कारखान्याचा भोंगा आमच्या घराच्या डोक्यावर वाजतो, त्यानं ती कधी उठली नाही. माझी आई म्हणायची, नशीब काढलंस, शांत लेकरू आहे. मीही तेच धरून बसले.

इथं आले तर घरात आवाजच ठेवला नाही. कुकर नाही, बेल नाही, भांडं पडलं तर रबरावर. लेकराला ऐकू येत नाही की घरच मुकं आहे, हे समजायला वाट राहिली नाही. मागच्या आठवड्यात कपाटावरची लोखंडी पेटी खाली आली. मी किंचाळले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, पेटीकडं नाही.

थाळी नसली तरी ताट होतं, डबा होता. मला वाजवता आला असता. मी हातात घेतला आणि परत ठेवला. वाजवला आणि ती दचकली नाही तर पुढं काय, हे मला बघवणार नव्हतं. त्यांच्यावर एकट्यावर दोष ठेवू नका.

डॉक्टरांकडं जाऊ म्हटलं की ते गाणं लावतात आणि म्हणतात, बघ, ऐकतेय. तुम्ही याल का?

हर्षाली


सास्तूर, २७ नोव्हेंबर

हर्षाली पोरी,

रविवारी बजरंगबरोबर येती. त्याला सांगू नको.

तू वाजवलं न्हाईस, बरं केलंस. एकटीनं बघण्यासारखं ते न्हवं.

उद्यापासनं कुकर लाव. तबकडीचं काजळ पुस आणि पोरीला लाव. उलथणं हाताशी ठेव, जाड पात्याचं.

आजी


धाराशिव, ७ डिसेंबर

ती. आजींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही रविवारी त्याच पावली परत गेलात, जेवायलासुद्धा थांबला नाहीत. तुमच्याशिवाय हे कुणाला लिहू कळत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो.

आम्ही पाच जण डोळे मिटून बसलो होतो. रणधीर सर हळू आवाजात सांगत होते, आता तानपुरा वाकळेच्या मागून येतोय. मी डोळे उघडले तर तुम्ही चपला घालूनच आत आला होता आणि उलथणं भिंतीत घातलं होतं. सर म्हणाले, माताजी, बसा ना. तुम्हाला ऐकू आलं नसावं. की आलं होतं, मला अजून ठरवता येत नाही. गिलावा माझ्या ॲम्प्लिफायरवर पडला. थाळी काखेत धरून तुम्ही वरवंटा उचललात, तेव्हा बजरंग म्हणाला, आता तो कोरा दगड कामाला आला.

तुम्ही पाळण्यामागं गेलात. हर्षाली दारात भिंतीला धरून उभी होती. मला ओरडून सांगायचं होतं, नको. का, ते माहीत नाही. मला वाटतं मला माहीत होतं.

तुम्ही मारलंत. आजी, मी आयुष्यात इतका स्वच्छ आवाज ऐकला नाही. रणधीर सर खुर्चीतून उठले, एकाच्या हातून बशी पडली, खिडकीतलं कबूतर उडालं. घुमत राहिला, कितीतरी वेळ. पाळण्यात आरोही पंख्याकडे बघून पाय हलवत होती.

तुम्ही दुसऱ्यांदा मारलं नाहीत. थाळी माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, चल बजरंग.

रणधीर सर जाताना म्हणाले, काशाला वय आहे, घुमारा सुंदर होता. मी त्यांना दार दाखवलं असं म्हणणार नाही. त्यांना चपला सापडत नव्हत्या, मी शोधून दिल्या. पण ते परत आले नाहीत आणि मी बोलावलं नाही.

बुधवारी सोलापूरला नेलं. तिला झोपवून डोक्याला तारा लावून तपासतात. त्या तारा बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही कान बरेच कमी आहेत. जन्मापासून. अगदी शून्य नाही, थोडं शिल्लक आहे. डॉक्टर म्हणाले, मशीन लगेच लावायचं, शिकवणीला आणायचं, पुढं गरज पडली तर ऑपरेशन. सहा महिन्यांच्या आत आणलंत म्हणून बोलायला शिकण्याची आशा चांगली आहे, वर्षानं आणलं असतंत तर मी असं म्हणालो नसतो.

मी इतके दिवस तिला काय ऐकवत होतो?

कुलदीप


सास्तूर, ११ डिसेंबर

चि. कुलदीप,

काय ऐकवत व्हतास ते आता उकरू नको. पत्र लिहितोस तेवढ्या वेळात तिच्यापुढं बसून तोंड हलव. ओठ दिसू देत. मिशी काप.

रडायचं असंल तर एकदा रडून घे, हर्षालीच्या पुढ्यात, मोरीत जाऊन न्हाय. तिनं तुझ्याआधीपासनं एकटीनं धरून ठेवलंय. आणि तिला कुणी म्हणलं की बाईच्या पोटाचा दोष, किंवा ग्रहणात काय चिरलं व्हतं का, तर मला नाव कळव. म्या येऊन बोलीन. ढोकीच्या विहिणीला सांग, पुढच्या वेळी कुणाच्या बी घरी पोरगी झाली की पैली थाळी वाजवा, मान म्हणून न्हाय तर तपास म्हणून.

रणधीर सरांनी म्हणलेलं मला ऐकू आलं न्हाय. माताजी तेवढं ऐकू आलं.

तुळजाबाई इचारती, मशीन लावलं की पोरगी बोलंल ना. म्या म्हणलं, आमच्या घरात जन्मलीय, बोलंल, आणि तिकडनं बंद करायचं बटण नसंल. पण खरं तुला सांगती, दोन दिस चटणी खारट झाली. हात मिठाच्या डब्यातच राहतो.

मशीन लावलं की लगेच लिही. वाळ्यांचे घुंगरू परत बसव.

आजी


धाराशिव, १२ जानेवारी

ती. आजींना साष्टांग नमस्कार.

शनिवारी मशीन लागलं. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढी. तिथं दवाखान्यात ती नुसती रडत होती, कानात घातल्याचा राग. घरी आलो. मी ठरवलं होतं की पहिलं ऐकवायचं ते चांगलं ऐकवायचं. वाकळा भिंतीवर होत्याच. सतार लावली, हळू. ती मशीन ओढत बसली, लक्ष दिलं नाही. मी तबकडी बदलत होतो. अजूनही मी तेच करत होतो, आजी, लिहितानाही लाज वाटते.

तेवढ्यात आत हर्षालीच्या कुकरची शिट्टी झाली.

आरोही थांबली. हात मशीनवर तसाच. डोळे मोठे झाले, खालचा ओठ बाहेर आला आणि मान वळली. स्वयंपाकघराकडे. मग तिनं असा टाहो फोडला की शेजारच्या काकू धावत आल्या. हर्षाली डाळीच्या हातानं बाहेर आली, तिला उचलून घेतलं आणि ती पण रडायला लागली. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा मान वळली. मी गॅस बंद करायला गेलो तर हर्षाली म्हणाली, हात लावू नका, होऊ द्या.

डाळ करपली. आम्ही तीच खाल्ली.

तळी, वाकळा बजरंगच्या जीपनं परत पाठवतोय. ज्वारी राहू द्या, दळून आणली. भाकरी फुगतात. गाणं ऐकतो अजून, खोटं सांगत नाही, पण स्पीकर फरशीवर आहेत आणि वायर जिथं पडेल तिथं. कोरा वरवंटा हर्षालीनं ठेवून घेतलाय, त्याला टाकी लावून घेणार आहे.

संक्रांतीनंतर आरोहीचं बोरन्हाण करायचंय. तुम्ही याल ना?

कुलदीप


सास्तूर, १५ जानेवारी

चि. कुलदीप, हर्षाली,

रडली ना. मग झालं.

येती. बोरं इथनं आणती, बाजारची किडकी असतात. डोक्यावर ओतताना मशीन काढून ठेवा, लाह्या जातील आत.

एक काम राहिलंय, ते त्याच दिवशी करू. बारशाला तिच्या कानात आत्यानं कुर्र करून नाव सांगितलं, ते वाया गेलं. समद्या गावाला तिचं नाव कळलं, तिला सोडून. तवा बोरन्हाण झालं, मशीन घातलं, की परत कुर्र करायचं. कुणी हसलं तर हसू दे. पाळणा मांडा. आपला वरवंटा म्या घेऊन येती, खरा. बारशाला लेकराआधी त्याला पाळण्याखालनं फिरवतात, त्याला बी कुंची घालतात, कुणी गोविंद घ्या म्हणतात. तो दगड, त्यानं आजवर कुणाला ओ दिली न्हाय. म्हणून त्याचं बारसं कुणी थांबवलं न्हाय.

थाळी चिंचेनं घासून ठेव, हर्षाली. एम-सील राहिलं असंल तर चुलीच्या राखेनं घास. उष्टावणाची खीर तिच्यातच द्यायची हाय.

आणि तू आणलेलं माझं मशीन हरभऱ्याच्या डब्यात व्हतं, ते काढलं. बजरंगनं सेल आणून घातला. काल कानात घातलं तर बाहेर टिटवी, आत पंखा, शेजारी तुळजाबाई माझ्याबद्दलच बोलत व्हती. लगेच काढणार व्हते. पण पोरीला एकटीलाच घालायला लावलं तर ती ओढून टाकील. तिला दिसलं पाहिजे की घरात आणखी कुणी तरी हे सोसतंय. तवा घालूनच येती.

आता आमाला दोघींना ऐकू येणार हाय. तू जरा हळू बोल.

आजी